गेरवरचा आपला गेम की महिन्याला एक रीस्किन?

मल्हारगंज_तिघे (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमची तिघांची टीम आहे: एक कोड बघतो, एक चित्रं, एक आवाज आणि लेव्हल. समोर दोन रस्ते आहेत आणि एका ठिकाणी लवकरच हो-नाही कळवायचंय.

पहिला रस्ता म्हणजे एका पब्लिशरकडचा मॅच-थ्रीचा (तीन सारख्या सोंगट्या जुळवून फोडायचा खेळ) तयार ढाचा. महिन्याला एक नवं रूप चढवून द्यायचं. कधी मिठाई, कधी दागिने, कधी फळं. दर गेममागे ठरलेली छोटी रक्कम आणि वर जाहिरातींच्या ‘निव्वळ’ उत्पन्नात ३० टक्के. अट एकच, गेम आमच्या डेव्हलपर अकाउंटवरून प्ले स्टोअरला टाकायचा.

दुसरा रस्ता आमचा स्वतःचा, गेरवरचा गेम. गेर म्हणजे रंगपंचमीला इंदुरात निघणारी रंग उडवणारी मिरवणूक. खेळणारा टँकरवर उभा. खालची गर्दी टोरी कॉर्नरकडून राजवाड्याकडे सरकतेय. आधी पाणी मारायचं, मग गुलाल. कोरड्या अंगावर गुलाल टिकत नाही, उडून जातो. रंगलेली माणसं चालत पुढे जातात आणि शेजारच्याला घासून रंग लावतात. राजवाडा येईपर्यंत गर्दी सांगितलेल्या रंगाची व्हायला हवी. शिवाय लांब गुलाल फेकणारी ‘मिसाइल’, गच्चीवरून बादल्या, ढोलाच्या तालावर वेग, वारा, पॉवर-अप असं बरंच डोक्यात आहे. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये कच्चा नमुना चालतो, पण ३०० माणसं झाली की फोन अडखळतो.

विचारायचंय ते असं. ज्यांनी पाहिलं त्यांतले काही म्हणाले, ‘हा तर स्प्लाटून’ (निन्टेन्डोचा शाई उडवायचा गेम). तशी कॉपी ठरते का? आणि धंद्याच्या हिशेबाने नवीन काही करावं की खपतंय तेच करावं? मोठमोठ्या कंपन्या दरवर्षी तोच गेम नव्या आकड्याने विकतात, मग आपणच कशाला जीव काढायचा? आकडे आणि कामाचं सांगा, ‘मनाचं ऐका’ नको.


सराफा_रात्रपाळी (इंदूर)

अकाउंटची अट अजिबात मान्य करू नका. बाकीचं नंतर.

गूगल प्लेच्या धोरणात पुनरावृत्त कंटेंटवर वेगळं कलम आहे. स्टोअरवर आधीच असलेला अनुभव जसाच्या तसा देणारी, स्वतःचं काही न घालणारी ॲप्स त्यात काढली जातात. ॲपलकडे हेच ४.३ कलमात येतं आणि तयार साच्यातून काढलेल्या ॲप्ससाठी ४.२.६ आहे. हे पब्लिशरला पाठ असतं. म्हणून तर त्याला तुमचं अकाउंट हवंय. चार रीस्किन उडाले आणि अकाउंट बंद झालं, तर त्याच माणसांशी जोडलेली दुसरी अकाउंटंही गूगल बंद करू शकतं. मग गेर टाकणार कुठे?

दुसरं म्हणजे ‘निव्वळ’. जाहिरात देऊन डाउनलोड आणायचा खर्च आधी वजा होणार हे त्या शब्दात आलंच. एक डाउनलोड आणायला ३० सेंट लागले आणि तो माणूस गेम काढून टाकेपर्यंत जाहिरातींतून २५ सेंट मिळाले, तर निव्वळ उणे पाच आणि तुमचे ३० टक्के म्हणजे शून्य. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी त्याची परवानगी विचारणं ॲप्सना सक्तीचं केलं. तेव्हापासून हव्या त्या गिऱ्हाइकाला नेमकी जाहिरात दाखवणं महाग झालं आणि असल्या हलक्याफुलक्या गेमांचं हे गणित आणखी घट्ट झालं. वाटा कागदावर राहू दे, पण हिशेबात शून्य धरा.

तरी काम सरसकट नाकारू नका. अटी बदलून मागा: गेम त्यांच्या अकाउंटवर, रक्कम तीन टप्प्यांत, ४० टक्के सुरुवातीला, ४० बिल्ड (गेमची चालती आवृत्ती) दिल्यावर, २० स्टोअरने स्वीकारल्यावर, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे, फॉन्ट, आवाज आणि चित्रांचे परवाने त्यांच्या नावावर. कराराची मुदत चार महिने, आपोआप वाढणारी नको.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मॅच-थ्रीच्या रीस्किनमध्ये कोडचं काम जवळजवळ नसतं, सगळं चित्रांचं असतं. सहा सोंगट्या, त्यांची फुटण्याची ॲनिमेशनं, चार-पाच पॉवर-अप, पार्श्वभूमी, आयकॉन, स्टोअरची चित्रं, जाहिरातीचे व्हिडिओ. म्हणजे तुमचा चित्रकार महिनाभर अडकणार आणि कोडवाला मोकळा. गेरचा कच्चा नमुना राखाडी ठोकळ्यांवर चालतो, त्याला चित्रकार लागतच नाही. हे दोन्ही एकाच वेळी चालवता येतं, फक्त चित्रकाराला रात्री गेरच्या कामाला बसवू नका.


खडू_फळा (इंदूर)

‘नवीन की खपणारं’ असे दोन ढीग प्रत्यक्षात नसतातच. गेल्या काही वर्षांत लहान टीमचे जे गेम तुफान चालले, त्यांत जुनं किती आणि नवं कुठे, ते बघा. बालाट्रो (२०२४, एकट्या माणसाने केलेला) पोकरच्या जोड्या, स्ट्रेट, फ्लश यांवर उभा आहे. ते शिकवावं लागत नाही. नवं आहे ते जोकरांचं गणित. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सने मॅजिक सर्व्हायव्हल या मोबाइल गेमची चौकट घेतली, गोळी आपोआप सुटते आणि हातात फक्त चालणं उरतं. पहिल्यांदा विकायला आला तेव्हा किंमत तीन डॉलरच्याही खाली होती, पुढे २०२३ चा सर्वोत्तम गेमचा बाफ्टा पुरस्कार घेतला. दोघांनीही नवेपणा एकाच जागी खर्च केला.

तुमच्या यादीत मात्र सात नव्या गोष्टी आहेत. मिसाइल, बादल्या, ढोलाचा ताल, वारा, पॉवर-अप हे सगळं बाजूला काढा. स्प्लाटूनमध्ये रंग जमिनीवर पडतो आणि तिथेच राहतो, त्याचा इलाका होतो. तुमच्याकडे रंग ज्यावर पडतो तेच चालू लागतं. हाच तुमचा गेम. ओलं-कोरडं त्याला मदत करतं, म्हणून राहू द्या. बाकी सगळं या दोहोंत मजा आहे हे सिद्ध झाल्यावर.

आता घासून रंग लागण्याचा नियम. इथे नमुना फसणार, कारण आकडा फार वेगाने फुगतो. एका माणसाने सेकंदाला दोघांना रंगवलं, तर १, ३, ९, २७, ८१, २४३, आणि सहाव्या सेकंदाला तुमची ३०० ची गल्ली संपली. खेळणाऱ्याने एकदा पिचकारी मारून हात बांधून बसावं. उलट, शंभरदा घासल्यावर एकदाच लागतो असं ठेवलंत तर पसरणं दिसतच नाही आणि गेम साधा नेमबाजीचा होतो. तीन लगाम घालून बघा. पहिला, देणाऱ्याच्या अंगावरचा अर्धाच रंग पुढे जातो. दुसरा, घेणारा ओला असेल तरच चिकटतो आणि ओल आठ सेकंदांत सुकते. तिसरा, पिढ्यांची मर्यादा, म्हणजे तुम्ही रंगवलेला माणूस दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा कुणालाही नाही. या तीन आकड्यांसाठी स्क्रीनवरच सरकपट्ट्या ठेवा, खेळता खेळता बदलता आल्या पाहिजेत. दर वेळी बिल्ड काढून आकडा तपासायचा म्हटलं तर चौथ्या दिवशी कंटाळून कुठल्याही आकड्यावर थांबाल.

चित्रं नको म्हणजे खरंच नको. स्प्लाटूनचा पहिला नमुना टोफूच्या वड्यांसारख्या ठोकळ्यांनी एकमेकांवर शाई उडवण्याचा होता. निन्टेन्डोच्याच झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्डच्या टीमने आग, वारा, लाकूड यांचे नियम आधी जुन्या झेल्डासारख्या सपाट टूडी नमुन्यात खेळून पाहिले आणि २०१७ च्या जीडीसीत (गेम बनवणाऱ्यांची परिषद) तो लोकांना दाखवलाही. एवढी मोठी कंपनी, पण नियम आधी स्वस्तात मोडून बघते.

तपासणी अशी: आठ-दहा जण, त्यांत मित्र कुणी नको. फोन हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. सूचना सांगायच्या नाहीत, ‘इथे दाबा’ म्हणायचं नाही. पहिल्या ९० सेकंदांत किती जणांनी कुणी न सांगता आधी पाणी मग गुलाल केलं ते मोजा. निम्म्यांनीही केलं नाही तर नियम चुकीचा नसेल, दिसणं चुकीचं आहे. ओला माणूस ओला दिसत नसेल. खेळ संपल्यावर ‘आवडला का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. फोन परत मागा आणि किती जण ‘थांबा, एकदा अजून’ म्हणतात ते लिहा. छप्पन दुकान या खाऊगल्लीत सकाळी पोह्याच्या गर्दीत हवे तेवढे अनोळखी मिळतील, फक्त हात पुसायला कागद बरोबर ठेवा.


फ्रेम_साठ (इंदूर)

३०० वर अडखळतंय म्हणजे प्रत्येक माणूस वेगळा कॅरेक्टर-बॉडी नोड असणार आणि प्रत्येकाचं टक्कर-तपासणीचं काम फिजिक्स इंजिन करतंय. गर्दीला फिजिक्स लागत नाही.

माणसांच्या जागा, वेग, ओल, रंग साध्या ॲरेंमध्ये (आकड्यांच्या याद्यांत) ठेवा. काढायला मल्टिमेश (एकाच आकृतीच्या अनेक प्रती एकदम काढायची गोडोतली सोय) वापरा, सगळी गर्दी मोजक्या ड्रॉ-कॉलमध्ये (चित्र काढायच्या हुकमांत) निघते. मल्टिमेशला प्रत्येक प्रतीमागे चार आकड्यांचा कस्टम डेटा देता येतो. एकात ओल, एकात रंगाचा क्रमांक, एकात रंगाचं प्रमाण, चौथ्यात चालण्याची फेज. शेडर (चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम) तिथून वाचून रंग लावेल आणि तिथेच डुलकी देऊन चालवेल, हाडांचं ॲनिमेशन गर्दीला नको. थ्रीडीत जागेचे १२ आणि कस्टमचे ४ असे माणशी १६ आकडे. ३०० माणसांचे ४,८००. ते एकाच बफरमधून एकदम पाठवा. एकेका माणसासाठी वेगळा कॉल केलात तर वाचवलेलं सगळं तिथे जाईल.

शेजारी शोधताना प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडू नका. ३०० माणसांच्या ४४,८५० जोड्या होतात. रस्त्यावर एक-एक मीटरची जाळी कल्पा, प्रत्येकाला त्याच्या चौकटीत टाका आणि आपली व भोवतालच्या आठ चौकटी एवढंच बघा. रंग लागण्याचा हिशेब दर फ्रेमला सगळ्यांचा नको, एका फ्रेमला एक तृतीयांश गर्दी पुरे. डोळ्याला फरक कळत नाही.

मल्टिमेशची एक खोड लक्षात असू द्या. त्यातला एक माणूस जरी कॅमेऱ्यात असला तरी सगळे काढले जातात. रस्त्याचे चार-पाच तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा मल्टिमेश द्या.

हे झाल्यावरही फोन तापेल, तो गुलालामुळे. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर सुमारे २६ लाख पिक्सेल. गुलालाचा ढग म्हणजे एकावर एक वीस पारदर्शक थर, म्हणजे एका फ्रेमला पाच कोटींहून जास्त वेळा पिक्सेल रंगवणं. स्वस्त फोनची जीपीयू (चित्रं काढणारी चिप) इथे मान टाकते. उपाय म्हणून कण कमी आणि मोठे घ्या, पारदर्शकतेऐवजी ठिपक्यांची जाळी वापरा, किंवा ढग वेगळ्या अर्ध्या आकाराच्या व्ह्यूपोर्टमध्ये (आतल्या पडद्यावर) काढून वर चढवा, तिथे पिक्सेल एक चतुर्थांश होतात. आणि तपासताना गेम सलग १५ मिनिटं चालवा. पहिल्या दोन मिनिटांतले सेकंदाला ६० फ्रेम काही सांगत नाहीत. फोन तापला की स्वतःच वेग उतरवतो आणि खरा आकडा तेव्हा दिसतो.


मल्हारगंज_तिघे (इंदूर)

बरोबर ओळखलंत, प्रत्येक माणूस कॅरेक्टर-बॉडीच आहे. मल्टिमेशवर नेतो. अकाउंटची अट बदलायला सांगितलीय, बघू.

रंगाचीच एक अडचण आहे. पिवळा आणि निळा मिसळल्यावर हिरवा यायला हवा, तर करडा येतो. आणि अर्धा मिनिट खेळलं की सगळी गल्ली मातकट.


सुरसागर_काठ (बडोदे)

करडा येणारच. तुम्ही पडद्याच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांची सरासरी काढताय. पिवळा म्हणजे १, १, ०, निळा म्हणजे ०, ०, १, सरासरी ०.५, ०.५, ०.५, म्हणजे शुद्ध करडा. रंगद्रव्य असं वागत नाही, ते प्रकाश शोषतं. त्याचं खरं गणित आहे, पण तुम्हाला ते नकोय, कारण खऱ्या गेरमध्येही शेवटी सगळे मातकटच होतात आणि गेममध्ये तेच टाळायचंय.

आकडे मिसळूच नका. तक्ता करा. मूळ रंग तीन: पिवळा, गुलाबी, निळा. पिवळा-गुलाबी केशरी, पिवळा-निळा हिरवा, गुलाबी-निळा जांभळा. एकूण सहा. जांभळ्यावर पिवळा पडला तर? इथे निर्णय घ्या. मी म्हणेन की मिश्र रंगावर तिसरा रंग चढतच नाही, त्या माणसाला आधी पाण्याने धुवावं लागतं. यातून पाण्याला दुसरं काम मिळतं आणि खेळणाऱ्याला चूक दुरुस्त करता येते. वरच्यांनी सांगितलेल्या कस्टम डेटात रंगाचा क्रमांक ठेवायची जागा आहेच, तक्त्याला तेवढाच लागतो.

गर्दीचे मूळ कपडे पांढरे ठेवा, रस्ता आणि भिंती फिक्या मातीच्या. राजवाड्याचं लाकूडकाम गडद तपकिरी आहे, ते पार्श्वभूमीला राहू द्या. तिथे ताज्या रंगाचा एकही ठिपका नको, नाहीतर लक्ष गर्दीवरून उडतं. ओला माणूस दाखवायला नुसता रंग गडद करू नका, उन्हात कळत नाही. कपड्यावर चकाकी द्या आणि पावलांखाली ओला ठसा उमटवा.

लाल-हिरव्यात गल्लत होणारे खेळाडू, विशेषतः पुरुषांत, बरेच असतात. तुमच्या सहांपैकी केशरी आणि हिरवा त्यांना जवळपास सारखे दिसू शकतात. स्प्लाटूनने यासाठी रंग कायम ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये दिलीय. तुम्ही प्रत्येक रंगाला अंगावर एक नक्षी द्या: ठिपके, पट्टे, पंजाचा ठसा. पंजाचा ठसा फार बोलका आहे, तो पाठीवर ठेवा.


लष्कर_पेठ (ग्वाल्हेर)

कॉपीच्या प्रश्नावर. खेळाच्या नियमावर कॉपीराइट नसतो, नियमाच्या मांडणीवर असतो. शाई उडवणं, जागा रंगवणं यावर कुणाची मालकी नाही. मात्र मांडणी जशीच्या तशी उचलली तर अडचण येते. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात टेट्रिसवाल्यांनी मिनो नावाच्या आयफोन गेमविरुद्ध दावा जिंकला. न्यायालयाने नियम मोकळेच मानले. पण २० बाय १० चा पट, तुकड्यांचे आकार-रंग, खाली पडायच्या जागेची पुसट सावली, हे सगळं तंतोतंत घेतलं होतं ते आडवं आलं.

आपल्याकडचं उदाहरण त्याआधीचं, २००८ चं. कोलकात्याच्या दोन भावांचा स्क्रॅब्युलस फेसबुकवर तुफान चालत होता. स्क्रॅबल हा शब्दखेळ विकणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पटाच्या कॉपीराइटचा दावा न्यायालयाने मानला नाही, नावाचा मानला. स्क्रॅबलशी साधर्म्य असलेलं नाव वापरायला मनाई झाली. पुढे तोच खेळ लेक्स्युलस म्हणून चालला.

तुमच्यापुरतं एवढंच: नावात ‘स्प्लॅट’ नको, शाई नको, समुद्री प्राणी नकोत, जाहिरातीत ‘देशी स्प्लाटून’ असं चुकूनही लिहू नका. टँकरवरचे फलक काल्पनिक करा; खऱ्या दुकानांची बोधचिन्हं आणि नेत्यांचे फोटो अजिबात नकोत. राजवाडा बेलाशक काढा.

आणि उलट बाजूही समजून घ्या. तुमची चालती गर्दी उद्या दुसऱ्याने उचलली तर तुम्हालाही काही करता येणार नाही. थ्रीज हा गेम चौदा महिने घासून फेब्रुवारी २०१४ मध्ये विकायला आला. मार्चमध्ये त्याच धर्तीचा २०४८ हा गेम फुकट आला. करणाऱ्याने तो एका शनिवार-रविवारात केला होता, मूळ कोडही खुला ठेवला. नाव २०४८ चं झालं. यावर कायद्याचं औषध नाही. नमुन्याचा व्हिडिओ टाकाल तेव्हा विकायचं पान तयार असलं पाहिजे, एवढंच हातात आहे.


जुनी_काडतुसं (इंदूर)

‘मोठे दरवर्षी तेच विकतात’ यावर थोडं. ते तेच का विकतात ते बघितलंत तर तो मार्ग तुमचा का नाही हे कळेल.

हॉरायझन फॉरबिडन वेस्टचं बजेट २१ कोटी २० लाख डॉलर आणि द लास्ट ऑफ अस भाग २ चं २२ कोटी, हे सोनीच्या न्यायालयीन कागदांतून २०२३ मध्ये बाहेर आलं, खाडाखोड नीट न झाल्यामुळे. समजा २० कोटी डॉलरचा गेम ७० डॉलरला विकला आणि दुकानाने ३० टक्के घेतले, तर प्रतीमागे ४९ डॉलर. नुसता खर्च निघायला पूर्ण किमतीच्या ४० लाखांहून जास्त प्रती हव्यात, जाहिरात वेगळी. एवढी रक्कम लावणारा माणूस गेल्या वेळी चाललेलंच मागणार. त्यात आळस नाही, धास्ती आहे.

आणि पुनरावृत्तीसुद्धा फुकट होत नाही. कॉल ऑफ ड्यूटी २००५ पासून दरवर्षी येतो, पण त्यामागे इन्फिनिटी वॉर्ड, ट्रेयार्क आणि स्लेजहॅमर असे तीन मोठे स्टुडिओ आळीपाळीने राबतात. म्हणजे ‘वार्षिक’ गेमला प्रत्यक्षात तीनेक वर्षं मिळतात. तारीख आधी आणि गेम मागून असं झालं की काय होतं ते असॅसिन्स क्रीड युनिटीने २०१४ ला दाखवलं: चेहऱ्याची कातडी गायब, हवेत नुसते डोळे आणि दात. ते फोटो अजून फिरतात. युबिसॉफ्टने शेवटी २०१६ ला मुख्य गेम काढलाच नाही. २०१७ चा ओरिजिन्स लढाईची पद्धत बदलून आला आणि मालिका सावरली.

गिटार हिरोचं तर पुरतं भरीत झालं. २००५ ला प्लास्टिकची गिटार ही काय भन्नाट कल्पना होती! २००९ या एकाच वर्षात गिटार हिरो ५, मेटॅलिका, स्मॅश हिट्स, व्हॅन हेलन, वर बँड हिरो आणि डीजे हिरो. घरोघरी आधीच गिटार होती, नवी कोण घेणार? फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने तो विभागच बंद केला. कल्पना जुनी व्हायला फार काळ लागला नाही, कारण नफा यंत्राच्या विक्रीत होता आणि यंत्र एकदाच घेतलं जातं.

चाललेल्याची नक्कल उशिरा केली तर मोठ्यांचेही हात पोळतात. सोनीचा कॉन्कॉर्ड हा नेमबाजीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ४० डॉलरला. त्याच धाटणीचे चांगले गेम तोवर फुकट खेळायला मिळत होते. ६ सप्टेंबरला तो बंद करून पैसे परत केले.

तुमचा मॅच-थ्री त्याच रांगेतला आहे भिया. तिथे आधीच बसलेल्यांची जाहिरात तुमच्या वर्षभराच्या खर्चाहून जास्त असते. गेर चालेल की नाही ते माहीत नाही, पण तिथे निदान तुमच्या पुढे कुणी बसलेलं नाही.


बिलबुक (इंदूर)

पैशाचं कुणीच मांडलं नाही म्हणून मांडतो.

तिघं, माणशी ३० हजार, १५ महिने: साडेतेरा लाख. फोन, संगीत, भाषांतर, ट्रेलर यांचे दीड लाख. एकूण १५ लाख. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण १७,६५० डॉलर. गेम पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानात दहा डॉलरला विकलात तर स्टीमचे ३० टक्के जाऊन सात उरतात (हा दर २५ वर यायला एक कोटी डॉलरची विक्री लागते, तो विचार सोडा). परतावे, सूट, इतर देशांतल्या कमी किमती, कर धरून हातात पाचच धरा. म्हणजे खर्च निघायला सुमारे ३,५०० प्रती. रीस्किनचे चार महिने धरून दोन-तीन लाख मिळाले तर हा आकडा तीन हजारांच्या आसपास येतो. अशक्य नाही, आपोआप होणाराही नाही.

हा गेम मोबाइलवर आधी काढू नका. आपल्याकडे मोबाइल गेमला पैसे मोजणारे थोडे. जाहिरातींवर चालवायचा म्हटलं तर पुन्हा सराफावाल्यांनी सांगितलेलं ३०-२५ सेंटचं गणित. शिवाय प्लेवर नवं वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी १२ जणांची सलग १४ दिवसांची बंद चाचणी लागते. पीसी आधी, फोन मागून. फ्रेम_साठ यांचं काम तरी वाया जात नाही, जुन्या लॅपटॉपलाही तेच दुखणं असतं.

स्टीमचा क्रम असा. १०० डॉलर भरा, हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून गेम काढायला किमान ३० दिवस आणि ‘लवकरच येत आहे’ पान किमान दोन आठवडे दिसलं पाहिजे. हे किमान झालं. तुम्ही पान सहा-आठ महिने आधी लावा, कारण विशलिस्ट (‘हा गेम घ्यायचाय’ अशी लोकांनी केलेली नोंद) तिथेच जमते. बाजारात ढोबळ समज असा की सात ते दहा हजार विशलिस्ट असतील तर लाँचच्या आधी स्टीम स्वतःहून यादीत वर दाखवायला लागतं. बिल्डची तपासणी तीन-पाच कामाचे दिवस घेते आणि पहिल्या वेळी काहीतरी निघतंच, बहुतेकदा कंट्रोलर चालतो असं लिहिलेलं असतं आणि मेनूत चालत नाही.

नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमांच्या डेमोंचा स्टीमवरचा मेळा, वर्षातून तीनदा असतो, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. एका गेमला एकदाच जाता येतं, म्हणून अर्धवट डेमो घेऊन जाऊ नका. डेमो २०-२५ मिनिटांचा, एक गल्ली पूर्ण. रंगपंचमीला लाँच करायचा मोह होईल. फेब्रुवारीचा फेस्ट संपला की रंगपंचमी जवळच असते, पण मार्चमध्ये स्टीमचा वसंत सेलही असतो आणि पंचमी तिथीने पुढेमागे होते. एखाद्या वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात पडतात आणि नव्या गेमकडे कुणी बघत नाही. तारीख सेल पाहून ठरवा. रंगपंचमीला सूट किंवा नवी गल्ली द्या.

परताव्याचा नियम: घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. तुमचा गेम दीड तासात संपत असेल तर पूर्ण खेळून परत करणारे भेटतील. निदान चार तास लागतील एवढ्या गल्ल्या हव्यात. दहा परीक्षणं येईपर्यंत पानावर गुणांकन दिसत नाही, ते पहिल्या दोन दिवसांत गाठायचं.

कर: स्टीमवर डब्ल्यू-८ हा अमेरिकी कराचा अर्ज भरताना पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ घ्या. अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात आणि तेही इथे विवरणपत्रात दाखवता येतात. ही रक्कम परदेशी उत्पन्नाची असल्याने सीएला पहिला पैसा येण्याआधी गाठा, नंतर नव्हे.


मल्हारगंज_तिघे (इंदूर)

सगळ्यांचे आभार. पब्लिशर त्यांच्या अकाउंटवर टाकायला तयार झाला, रक्कम मात्र कमी केली. तीन महिन्यांपुरतं घेतोय. मिसाइल, बादल्या, ढोल, वारा, पॉवर-अप सगळं काढलं. पिढ्यांची मर्यादा घातल्यावर गल्ली सहा सेकंदांत संपायची थांबली.

एकच शेवटचं: अनोळखी लोकांना दाखवायला फोनवर एपीके (अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल) टाकत बसायचं का? ब्राउझरमध्ये चालवला तर पुरेल?


फ्रेम_साठ (इंदूर)

ब्राउझरच बरा. अनोळखी माणूस तुमची एपीके का टाकून घेईल? गोडो ४.३ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि वेब एक्सपोर्टमध्ये थ्रेड बंद ठेवा. थ्रेड चालू असले तर सर्व्हरने विशिष्ट हेडर पाठवावे लागतात, ते नसले तर गेम सुरूच होत नाही आणि लोकांना वाटतं गेमच बिघडलाय. रेंडरर कंपॅटिबिलिटीचा ठेवा. इच.आयओवर (छोटे गेम ठेवायची साइट) पान गुप्त ठेवून पासवर्ड द्या. आवाज पहिल्या स्पर्शाशिवाय वाजणार नाही, ब्राउझर वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला एक ‘खेळा’ बटण असू द्या. आयफोनवर वेगळं तपासा, तिथे मेमरी लवकर संपते आणि पान न सांगता पुन्हा लोड होतं. तसं झालं तर टेक्स्चर २०४८ वरून १०२४ वर आणा.